दवाखान्यातून घरी आल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून

मी मेडिकल वॉर्डात सिस्टर होते. आता निवृत्त आहे, साताऱ्यात राहते. पण कॉलनीत कुणी दवाखान्यातून घरी आलं, की डिस्चार्ज कार्ड घेऊन माणसं अजून माझ्याच दारात येतात. करोना असो, स्वाइन फ्लू असो, नाहीतर छातीत उतरलेला कुठला व्हायरल, घरच्यांचे प्रश्न ठरलेले. पथ्य काय, अंघोळ कधी घालायची, अंडं चालेल का. पायांबद्दल कुणी विचारत नाही. म्हणून हे पायांपासून लिहिते.

विषाणूचा मोठा संसर्ग झाला की रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सुजतं आणि रक्ताचा गोठण्याकडे कल वाढतो. त्यात माणूस आठ-दहा दिवस आडवा. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, तेव्हा पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. पायच हलले नाहीत तर ते खोलच्या शिरांत रेंगाळतं. दूध ढवळत राहिलं तर साय धरत नाही, तसंच हे. पायात धरलेली गुठळी सुटली की थेट फुफ्फुसात जाऊन अडकते. जर्मनीच्या रुडॉल्फ व्हिर्शो या डॉक्टरांनी हे एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिलं होतं. १३ ऑक्टोबर हा त्यांचा वाढदिवस, तोच आता जागतिक थ्रॉम्बोसिस (म्हणजे रक्ताची गुठळी) दिन.

ताप उतरला, ऑक्सिजन निघाला, म्हणजे हा कल गेला असं नाही. स्वीडनमध्ये करोना झालेल्या दहा लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या, तर पायातल्या गुठळीचा धोका तीन महिन्यांपर्यंत आणि फुफ्फुसातल्या गुठळीचा सहा महिन्यांपर्यंत वाढलेला दिसला. सगळ्यात जास्त अर्थात पहिल्या काही आठवड्यांत, आणि आजार जितका मोठा तितका जास्त. उगाच घाबरूही नका. न्यूयॉर्कमध्ये करोनातून घरी गेलेल्या ४,९०६ रुग्णांवर नव्वद दिवस लक्ष ठेवलं, तेव्हा शिरांतली गुठळी शंभरात साधारण दीड जणांना झाली. बहुतेकांना काही होत नाही. ज्यांना होते त्यांच्यातली बरीच वेळेत ओळखता येते, आणि ओळखायचं काम घरच्यांचं असतं. त्या वेळी तिथे ना सिस्टर असते ना डॉक्टर.

डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवरून हलण्याआधी

बिलाची गडबड चाललेली असते, गाडी दारात उभी असते. तरी डॉक्टरांकडून किंवा वॉर्डातल्या सिस्टरकडून हे लिहून घ्या: रक्त पातळ करायचं औषध घरी चालू ठेवायचं आहे का? असेल तर नाव, डोस आणि कोणत्या तारखेला बंद करायचं ती तारीख. ‘पुढच्या व्हिजिटपर्यंत’ असं मोघम लिहून घेऊ नका. व्हिजिट पुढे ढकलली जाते. मग कुणी गोळी मध्येच सोडतं, तर कुणी वर्षभर घेत राहतं. दोन्ही वाईट. शेवटचं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट किती होत्या तेही कार्डावर हवं, कारण या गोळ्यांचा डोस किडनीवर ठरतो.

औषध चालू नसेल तर ‘का नाही?’ असं विचारायला लाजू नका, पण भांडूही नका. ते सरसकट सगळ्यांना देत नाहीत आणि त्याला कारण आहे. ब्राझीलमध्ये १४ रुग्णालयांतल्या ३२० रुग्णांवर अभ्यास झाला. धोका जास्त असलेले करोनाचे रुग्ण निवडून त्यांतल्या निम्म्यांना घरी गेल्यावर ३५ दिवस रिव्हरॉक्साबॅन हे रक्त पातळ करायचं औषध १० मिलिग्रॅम दिलं. गुठळ्या आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने झालेले मृत्यू गोळी न घेणाऱ्यांत शंभरात नऊ, घेणाऱ्यांत तीन. अमेरिकेत मात्र तशी निवड न करता बाराशेहून जास्त लोकांना तीस दिवस अपिक्साबॅन (तशीच दुसरी गोळी) किंवा औषध नसलेली खोटी गोळी देऊन पाहिली, तर दोन्हीकडे आकडा दोन टक्क्यांच्या आसपासच राहिला. म्हणजे गोळीचा उपयोग आहे, पण माणूस बघून.

कोणता माणूस? आधी कधी पायात किंवा फुफ्फुसात गुठळी झालेला. हा सगळ्यात वरचा. मग कॅन्सरवर उपचार चालू असलेला, पाय लुळे पडलेला, घराण्यातच रक्त गोठण्याचा दोष असलेला. मग आयसीयूत राहून आलेला, आठवडाभर किंवा जास्त अंथरुणाला खिळलेला, साठी ओलांडलेला. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की डॉक्टर गंभीरपणे विचार करतात. वजन फार असणं, गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे यांतही धोका वाढतो. आधीची गुठळीची हकिगत मात्र तुम्हीच सांगायला हवी. वीस वर्षांपूर्वी सासूबाईंचा पाय सुजून त्यांना महिनाभर इंजेक्शनं घ्यावी लागली होती, हे नव्या डॉक्टरांना कसं कळणार?

बायकांनी एवढं जास्तीचं वाचा

गौरी-गणपती, लग्नकार्य, वारी, सत्यनारायण. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय सर्रास आणल्या जातात. त्यातलं नॉरेथिस्टेरॉन नेहमीच्या डोसात घेतलं की शरीरात त्याच्या काही भागाचं इस्ट्रोजेन तयार होतं, आणि इस्ट्रोजेन गुठळीला हातभार लावतं. मोठ्या आजारातून उठल्यावर पहिले तीन महिने ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. ज्यांना कधी गुठळी झाली आहे त्यांनी तर घेऊच नका. देव कुठे जात नाही. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही डिस्चार्जच्याच वेळी सांगा. उलट बाजूने, रक्त पातळ करायचं औषध चालू असताना पाळीला अंगावरून फार जाऊ शकतं. तासाला एक पॅड भिजत असेल तर फोन करा, पण घरातली रक्तस्राव थांबवायची जुनी गोळी मनाने घेऊ नका.

डेंगी असेल तर ही पाटी वेगळी

आपल्याकडे ‘व्हायरल आहे’ म्हटलं की त्यात सगळं आलं. पण डेंगीत प्लेटलेट पडतात आणि भीती रक्तस्रावाची असते. तिथे रक्त पातळ करायची गोळी, अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांतलं काहीही मनाने घ्यायचं नाही. शेजारच्या काकांना करोनानंतर दिली होती म्हणून उरलेली पट्टी डेंगीच्या पोराला देणारे लोक मी पाहिले आहेत. पट्टी हातातून काढून घेतली, दुसरं काय करणार. तापाला पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या डोसात.

रोज सकाळी पाय मोजा

ज्याचा धोका जास्त आहे त्याच्यासाठी हे काम पहिले सहा आठवडे नेमाने करा. शिंप्याची कापडी टेप घ्या. माणसाला पाठीवर झोपवा, पाय सैल सोडायला सांगा. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर एक हाडाचा उंचवटा बोटाला लागतो. तिथून बरोबर १० सेंटिमीटर खाली बॉलपेनने रेघ मारा. दोन्ही पायांवर मारा. त्या रेघेवर टेप गुंडाळून घेर मोजा. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतायला नको. आकडे दिनदर्शिकेच्या त्या दिवसाच्या चौकटीत लिहा, डावा आणि उजवा. अंघोळीने रेघ पुसट झाली की पुन्हा मारा. सकाळीच मोजायचं, कारण संध्याकाळी बऱ्याच जणांचे पाय थोडे भरतात.

दोन पायांत अर्धा-एक सेंटिमीटर फरक असू शकतो, उजवा पाय बहुधा थोडा जाड असतो. फरक तीन सेंटिमीटरच्या वर गेला, किंवा कालपर्यंत सारखे असलेले पाय आज वेगळे दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्या सकाळी नाही. टेपबरोबर हाताची पाठ दोन्ही पोटऱ्यांना लावून बघा. एक पोटरी दुसरीपेक्षा गरम लागते का? पुस्तकात ‘लाली’ लिहिलेली असते, पण आपल्या सावळ्या कातडीवर ती लपते. त्यापेक्षा कातडी ताणल्यासारखी चकाकते आहे का, घोट्याशी बोट दाबल्यावर खळगा पडतो का, तो एकाच पायाला का, हे बघा. दोन्ही पायांना सारखी सूज असेल तर कारण बहुधा दुसरं असतं, हृदय, किडनी, कमी झालेलं प्रोटीन. तेही दाखवायचं, फक्त घाई वेगळी.

आता कळकळीने सांगते ते ऐका. एक पाय सुजला की घरातली मोठी बाई तेलाची वाटी गरम करायला घेते. चोळू नका. एकाच पायाला नव्याने आलेली सूज आणि दुखणं असेल तर तेल नको, बाम नको, शेक नको, मालिशवाल्या मावशी नकोत, की घट्ट क्रेप बँडेज नको. आत गुठळी असेल तर चोळण्याने ती सुटून वर जाऊ शकते. आधी डॉप्लर सोनोग्राफी (शिरांतलं रक्त नीट वाहतंय का ते दाखवणारी) करा. ती जिल्ह्याच्या गावी होते, तिला सुई लागत नाही, उपाशी राहावं लागत नाही. आजीला वाईट वाटत असेल तर हा परिच्छेद वाचून दाखवा.

खाटेवरून उठवा

आपल्याकडे माणूस दवाखान्यातून आला की त्याला पाटावर बसवायचं तेवढं बाकी ठेवतात. पाण्याचा तांब्या हातात, जेवण खाटेवर, ‘तू उठू नको रे, अशक्तपणा आहे’. प्रेम कळतं, पण पायातल्या रक्ताला ते मानवत नाही. जागेपणी दर तासाला निदान पाच मिनिटं चाला. हॉलच्या भिंतीपासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत, आणि परत. पाणी प्यायचं तर स्वतः उठून. फार अशक्त असेल त्याने आधी खाटेच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसावं, भोवळ येत नाही ना बघावं, मग कुणाच्या तरी आधाराने उभं राहावं. उठताच येत नसेल तर पडल्या पडल्या पंजे डोक्याकडे ओढायचे आणि पुढे ढकलायचे, तासाला वीसेक वेळा. पोटरीला ताण जाणवला पाहिजे, नुसती बोटं हलवून उपयोग नाही. घरच्यांनी धरून हलवण्यापेक्षा त्याने स्वतः हलवलेलं बरं.

गुडघ्याखाली जाड उशी दिवसभर ठेवू नका. मांडी घालून एका बैठकीत दोन-दोन मालिका बघू नका. पाणी भरपूर प्यावं, मात्र हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाला डॉक्टरांनी माप ठरवून दिलं असेल तर त्याने तेच पाळावं. दाबाचे मोजे कुणी सांगितल्याशिवाय विकत आणू नका. पायाचा रक्तपुरवठा आधीच कमी असेल, किंवा मधुमेहाने पायाला संवेदना नसेल, तर ते रुततात आणि जखमा होतात.

डिस्चार्ज घेऊन पुण्या-मुंबईहून थेट गावाकडे निघणारे फार. चार तासांच्या वरचा प्रवास पहिल्या महिन्यात टळला तर टाळा. नाहीच टळला तर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून खाली उतरा, चहा उभ्याने प्या. एसटीत मधल्या वाटेवरची सीट घ्या, म्हणजे पाय लांब करता येतात.

औषध चालू असेल तर

पोटात घ्यायचं इंजेक्शन (बहुधा इनॉक्सापॅरिन) घरी द्यायचं असेल तर सिस्टरसमोर एकदा स्वतः देऊन बघा. भरलेली सिरिंज येते, त्यात एक हवेचा बुडबुडा असतो. पूर्ण सिरिंज द्यायची असेल तर तो काढू नका, काढायला गेलात की औषधाचा थेंब जातो. बेंबीपासून चार बोटं लांब, पोटाच्या बाजूला जागा घ्या. आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. कातडीची घडी चिमटीत धरा, सुई सरळ उभी पूर्ण आत, औषध सावकाश, सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडायची नाही. नंतर चोळायचं नाही. कापूस नुसता धरायचा. चोळलं की हाताएवढं काळंनिळं होतं. थोडे डाग तसेही पडतात, त्याने घाबरू नका. सिरिंज फ्रीझरमध्ये ठेवू नका, आणि वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत टाका. कचरा उचलणाऱ्या मावशींनाही हात आहेत.

गोळी असेल तर वेळ एकच ठेवा. रिव्हरॉक्साबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची, उपाशीपोटी ती पुरती अंगी लागत नाही. एखादी चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नका. चुकल्यावर काय करायचं ते प्रत्येक गोळीचं वेगळं, तेवढं आधी विचारून ठेवा. वॉरफरिन ही जुनी गोळी असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते सांगणारी) तपासणी ठरलेल्या दिवशी. मेथी-पालक बंद करायची गरज नाही, पण एक आठवडा रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असं करू नका.

अंगदुखीसाठी मेडिकलवाला जी पुडी देतो ना, त्यात डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन असतंच असतं. ही औषधं चालू असताना ती पुडी नको. टीबीची रिफाम्पिसिन, फिटची फेनिटॉइन किंवा कार्बमाझेपिन चालू असेल तर सांगा, त्यांनी या गोळ्यांचा जोर कमी होतो. काढे, जडीबुटी चालू असतील तर तेही लपवू नका. डॉक्टर रागावले तर रागावू देत. स्टेंट बसवल्यामुळे अ‍ॅस्पिरिन आधीपासून चालू असेल तर ती मनाने बंद करायची नाही आणि मनाने चालूही ठेवायची नाही, विचारूनच काय ते करा.

काळी डांबरासारखी शौच (लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण चिकट आणि घाण वासाची नसते), लालसर लघवी, दहा-पंधरा मिनिटं नाक दाबूनही न थांबणारा घोळणा, रक्ताची उलटी: लगेच दवाखाना. आणि डोक्यावर पडलात तर काही दिसत नसलं, दुखत नसलं, तरी जायचंच.

डी-डायमरच्या मागे लागू नका

करोनाच्या लाटेत लोक किराणा आणावा तसे दर आठवड्याला डी-डायमर करून आणत होते. गुठळी विरघळताना तिचे जे अंश रक्तात उतरतात त्यांची ही तपासणी. तिचा आकडा संसर्गात वाढतो, वयाने वाढतो, गरोदरपणात, ऑपरेशननंतर, साध्या मार लागण्यानेही वाढतो. नुसता आकडा वाढला म्हणजे गुठळी झाली असं नाही. शिवाय दोन लॅबची एककं वेगळी असतात. एकीकडे ५०० पर्यंत नॉर्मल, दुसरीकडे तीच रेषा २५० च्या आसपास, आणि घरचे दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून ‘निम्म्यावर आलं!’ म्हणून पेढे वाटतात. काही लक्षण नसताना ही तपासणी मनाने करू नका, आणि तिच्या आकड्यावर गोळी तर मुळीच सुरू करू नका.

१०८ कधी लावायचा

अचानक दम लागला, कालपर्यंत जिन्यावर लागत नव्हता तो आज संडासापर्यंत जाताना लागतो. श्वास आत घेताना छातीत किंवा बरगडीत टोचतं. खोकल्यातून रक्त आलं. भोवळ येऊन पडला. बसल्या जागी नाडी शंभराच्या बरीच वर पळते आहे. ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आलं, किंवा घरात थोडं चालून आल्यावर तीन-चार आकड्यांनी उतरलं. यातलं एकही असेल तर रिक्षा शोधत बसू नका, १०८ लावा. पाय सुजलेला नसला तरीही, कारण फुफ्फुसात गुठळी असलेल्या बऱ्याच जणांचे पाय बघायला अगदी ठीक असतात. ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून सोडा पाजू नका.

तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर तीही गुठळीच असू शकते, मेंदूतली. ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून सीटी स्कॅन असलेल्याच दवाखान्यात न्यायला सांगा, आणि माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता ती वेळ कागदावर लिहून बरोबर द्या. रक्त पातळ करायची शेवटची गोळी किती वाजता घेतली, तेही लिहा. पहिला प्रश्न हाच येतो.

गुठळी झालीच तर उपचार साधारण तीन महिने तरी चालतात, कधी जास्त. पुढे दात काढायचा असो, गुडघ्याचं ऑपरेशन असो, की सुनेचं बाळंतपण, ‘आधी गुठळी झाली होती’ हे सांगावंच लागणार. म्हणून ते डिस्चार्ज कार्ड आणि डॉप्लरचा रिपोर्ट रद्दीत घालू नका. दोन झेरॉक्स काढा, एक रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा आणि फोटो मुलाच्या फोनमध्ये.